चिमटीच्या घरच्या वहीत माझं काय काय निघालं

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं जरा वेळ तिथंच असू दे. वर काढायची हिंमत नाही.)

डोळ्याची पट्टी निघाली का? डॉक्टरांनी तुला महिनाभर वाचायचं नाही, शिवायचं नाही, वाकायचं नाही आणि रडायचं नाही, असं बजावल्याचं कळलं. पहिल्या तिन्ही गोष्टी तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे, पण चौथी तेवढी हे पत्र संपेपर्यंत पाळ. ऑपरेशनसाठी तू आमच्या घरी राहायला आलीस हे फार बरं झालं. त्या घरात बाबांना 'अरे' म्हणणारं कुणीतरी हवंच होतं. गुडघ्यांचं काय म्हणणं आहे? आमचा जिना तुला जड जात असेल. तेरा पायऱ्या आहेत आणि सातवी बाकीच्यांपेक्षा उंच आहे. लहानपणापासून मला त्या सगळ्या आवाजावरून ओळखू येतात. बाबा छापखान्यातून आले की त्यांच्या चपला पहिल्या पायरीवर वाजायच्या आणि तेराव्यापर्यंत मी दिवसभरात काय काय केलं ते सगळं मला आठवायचं. आई होती तेव्हा ती सातव्या पायरीला दार उघडायची, म्हणजे मला सहा पायऱ्यांची सूट मिळायची.

पत्र तुला वाचून कोण दाखवतंय ते मला ठाऊक नाही. शेजारची दोन वेण्यांची मुलगी असेल असं धरून चालतो. तिला म्हणावं, बाळ, कंसातलं मोठ्यानं वाचू नकोस, आणि काहीही झालं तरी मधे थांबू नकोस. खाकरूसुद्धा नकोस.

आत्या, मी कॉलेजात नाही. आठ महिने झाले.

(थांबू नकोस, वाच.)

घडलं ते एवढंच. ड्रॉइंगच्या सरांनी माझ्या शेजारच्या पोराचा कागद सगळ्यांदेखत फाडला. बिचारा तीन दिवस घासत होता. माझं डोकं फिरलं आणि मी सरांना काहीतरी बोललो. (काय ते लिहीत नाही, वाचणारी लहान आहे.) ते म्हणाले, वर्गाबाहेर हो. मी झालो. तापलेला होतो म्हणून कॉरिडॉरबाहेर झालो, मग गेटाबाहेर झालो, आणि राग उतरेपर्यंत तीन चौक मागे पडले होते. तिथून परत फिरणं म्हणजे माफी मागणं. मला राग येतो कसा हे आत्या तुला माहीत आहे, पण तो गेल्यावर मी किती भितो हे कुणालाच माहीत नाही. त्या तिसऱ्या चौकात एका बैठ्या इमारतीच्या अंगणात एक मुलगी जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिच्यासमोर एक दोन वर्षांचं पोर गडाबडा लोळत किंचाळत होतं. ती त्याला उचलत नव्हती, दटावत नव्हती, नुसती त्याच्या उंचीला येऊन त्याला सांगत होती, "राग आलाय. खूप आलाय. मी इथेच आहे." पोर हळूहळू थांबलं. मी फाटकाला धरून उभा होतो आणि मलाही बरं वाटलं. फाटकावर पाटी होती, 'मदतनीस हवा'. पुढचं तुझ्या लक्षात आलंच असेल.

अशा रीतीनं मी पाळणाघरात लागलो. चटया झटकणं, खुर्च्यांचे पाय ठोकणं, माशाच्या टाकीचं पाणी बदलणं, दार उघडणं आणि लावणं ही माझी कामं. चालवणाऱ्या आहेत मोठ्या बाई. वय साठीचं, आवाज हळू, आणि हळू असल्यामुळेच जास्त भीतीदायक. शिक्षण विचारलं तेव्हा मी 'झालंय' म्हणालो. (काय झालंय ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.) तिथला एक नियम आहे. मुलं ज्याला जी हाक मारतात तीच हाक मोठ्यांनीही एकमेकांना मारायची, म्हणजे मुलांचा गोंधळ होत नाही. म्हणजे मी सगळ्यांचा दादा, आणि ती अंगणातली मुलगी सगळ्यांची ताई. आत्या, तू विचार कर. जिच्यासाठी मी आयुष्य पणाला लावलं (बरं, कॉलेज लावलं) ती मला दिवसातून चाळीस वेळा दादा म्हणते. मी आठ महिन्यांत तिला एकदाही ताई म्हटलेलं नाही. खोकतो, टाळी वाजवतो, बादली आपटतो. परवा तर शिट्टी वाजली. मोठ्या बाईंनी बघितलं. मी टाकीतल्या माशाकडे बघून अजून एक वाजवली.

ताईंचं (पत्रात म्हणायला हरकत नाही) खरं काम निरीक्षणाचं. प्रत्येक मुलाची एक वही, वहीत तीन रकाने. विचार, मिसळणं आणि भावना. कोण बुटांची जोडी लावतं, कोण दुसऱ्याला ठोकळा देतं, कोण आई गेल्यावर किती वेळ दाराकडे बघतं, सगळं तारीखवार. मी आधी हसायचो. मग चोरून वाचायला लागलो, आणि मग ताईंची पुस्तकंही इथं माझ्या भाड्याच्या खोलीवर नेऊन वाचली. (हे ऐकून बाबांना बरं वाटेल. त्यांना सांगू नकोस.) एक प्रयोग त्या नेहमी करतात. खडूंच्या डब्यात बटणं भरायची. मुलाला उघडून दाखवायचं. मग विचारायचं, बाहेरच्या मुलानं हा डबा बघितलाच नाही, त्याला आत काय वाटेल? तीन वर्षांचं मूल ठासून सांगतं, बटणं! कारण त्याला जे ठाऊक ते जगाला ठाऊक. चारसाडेचार झाली की त्याला कळतं, दुसऱ्याच्या डोक्यात दुसरंच असू शकतं. त्या दिवसापासून त्याला गुपित ठेवता येतं. ताईंच्या मते ही मोठी पायरी. मी ते वाचलं आणि मला हायसं वाटलं, कारण तोवर मी एका सव्वातीन वर्षांच्या मुलीला माझी सगळी गुपितं सांगून बसलो होतो. तिच्या लेखी ती सगळ्यांना ठाऊकच, मग ती कुणाला सांगेल कशाला?

तिला आम्ही चिमटी म्हणतो. वडिलांची लाँड्री आहे, आणि हातात कायम कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा. आली त्या दिवसापासून पाळणाघरात तिनं एक शब्द उच्चारलेला नव्हता. ऐकायची सगळं, बटणंबिटणं बरोब्बर बोटानं दाखवायची, पण तोंड बंद. दुपारी सगळी झोपली की ही टक्क जागी. मग न झोपणारीला सांभाळायचं काम माझ्याकडे. दीड तास अंधूक खोलीत, पंचवीस मुलांचे श्वास, आणि समोर दोन डोळे. आत्या, मी माझ्या मित्रांना बोललो नाही ते तिला बोललो. मी शाळा सोडून पळून आलोय. (कॉलेज तिला काय कळणार, म्हणून शाळा म्हटलं.) बाबांना कळलं तर मारतील. जिन्यात चपला वाजल्या की पोटात खड्डा पडतो. मला ताई खूप आवडते, पण तिला ताई म्हणायचं नाही. टाकीतला मासा तोच नाही. तो माझ्याकडून मेला, ताई गात होती आणि मी खाणं टाकतच राहिलो. हा नवा आहे. एकदा बोलता बोलता मी बाहीनं डोळे पुसले, तर चिमटी उठली आणि तिनं आपला चिमटा माझ्या बाहीला लावला. दिवसभर तो मी काढला नाही. आणि प्रत्येक दुपारच्या शेवटी, ओठांवर बोट ठेवून मी तिला बजावत होतो, "इथं कुणाला सांगायचं नाही हं."

हे 'इथं' लक्षात ठेव.

मागच्या महिन्यात चिमटीची आई दारात मला म्हणाली, "दादा, घरी ही केवढं बोलते! तुमच्याबद्दल तर फार." आणि हसली. मुकी कुठली, ही तर घरी गेल्यावर तोंड मिटत नव्हती! ताईंना तर आनंद झाला. घरी बोलते, इथं नाही, म्हणजे इथं तिला कसलीतरी भीती आहे, ती शोधायची. त्यांनी आईला एक कोरी वही दिली. घरची वही. आठवडाभर मुलगी जे बोलेल ते तिच्याच शब्दांत, शब्दन् शब्द लिहून आणायचं. वहीला निळं कव्हर मीच घातलं होतं. स्वतःच्या हातानं.

तो आठवडा मी कसा काढला ते विचारू नकोस. चिमटीला उलटं पढवायला गेलो. दादाचं कॉलेज छान चाललंय, मासा जुना आहे, दादाला कुणी आवडत नाही. ती माझ्याकडे असं बघायची, जशी तू मी दूध प्यालो म्हणायचो तेव्हा बघायचीस. ताईंची जुनी टिपणंही चाळली आणि तिथं मला जे सापडलं त्यानं माझी झोप उडाली. पहिल्या महिन्यात लिहिलं होतं, 'ओठ हलतात, बोलू पाहते.' दुसऱ्या महिन्यात, 'ओठ हलणं बंद. कारण कळत नाही.' दुसऱ्या महिन्यात काय झालं होतं, आत्या? मी दुपारी तिच्याजवळ बसायला लागलो होतो. इथं कुणाला सांगायचं नाही हं.

म्हणजे तिचं कुलूप मी होतो. हे कुणाला सांगावं ते कळेना. एरवी असं काही सांगायला माझ्याकडे चिमटीच होती.

गुरुवारी वही आली. मी स्वयंपाकघरात कप विसळत होतो. ताई मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या आणि अर्धवट दारातून मला एवढंच ऐकू आलं, "म्हणते, बाबांची भीती वाटते. मारतील म्हणते हो." ताईंचा आवाज फुटला होता. इथं एखादा शहाणा माणूस काय करील? थांबेल, पूर्ण ऐकेल. मी ॲप्रन न काढता रस्त्यात होतो. माझ्या चिमटीवर हात उचलतो? (स्वतःच्या कुलपाचं मी विसरलोच. दुसऱ्याचा दोष दिसला की माणसाला केवढं सुटल्यासारखं वाटतं!) लाँड्रीत सात-आठ गिऱ्हाईकं होती. मी दारातूनच ओरडायला सुरुवात केली. बाहेर ये, लहान मुलीवर मर्दुमकी गाजवतोस काय, वगैरे. मधे ओल्या चादरींची रांग होती, तिच्यात घुसलो, एक चादर तोंडावर बसली, तरी मी आतून बोलतच होतो. कुणीतरी ती अलगद सोडवली. समोर माझ्या खांद्याएवढा, वाफेनं चष्मा धुरकटलेला एक किरकोळ माणूस उभा. त्याला वाटलं मी जळलेल्या शर्टासाठी आलोय. "साहेब, चूक झाली, भरून देतो," म्हणाला. मी म्हणालो, "तुमची मुलगी तुम्हाला घाबरते. तिनंच सांगितलंय. लिहून आलंय!" आत इस्त्री करणारी त्याची बायको बाहेर आली. ती वही तिनंच लिहिली होती. पण आपण लिहिलं त्याचा अर्थ असा होतो हे तिला तेव्हा कळलं, आणि तेही माझ्या तोंडून, चार लोकांत. तिनं नवऱ्याकडे एकदाच बघितलं. आत्या, ती नजर मी विसरणार नाही. संध्याकाळी ती चिमटीला घेऊन बहिणीकडे निघून गेली.

शुक्रवारी मोठ्या बाईंनी दोघांना बोलावलं. मुलांच्या वीतभर खुर्च्यांवर दोघं दोन टोकांना. लाँड्रीवाल्याचे गुडघे छातीला लागलेले. मी कोपऱ्यात ठोकळे पुसतोय असं दाखवत होतो, आणि अजूनही छाती फुगवून उभा होतो बरं का. ताईंनी वही उघडली आणि हळू आवाजात वाचायला सुरुवात केली. "मी शाळा सोडून पळून आले. बाबांना सांगायचं नाही. बाबा मारतील." लाँड्रीवाला म्हणाला, "मी आवाजसुद्धा चढवत नाही हो. विचारा हिला." बायकोनं मान वर केली नाही. ताई पुढे वाचत होत्या. "जिन्यात चपला वाजल्या की पोटात खड्डा पडतो."

माझ्या हातातला ठोकळा पडला.

लाँड्रीवाला गोंधळून सगळ्यांकडे बघत म्हणाला, "जिना? आम्ही दुकानाच्या मागंच राहतो. आमच्या घराला जिनाच नाही."

मोठ्या बाई विचारात पडल्या. ताईंनी ओळीवर बोट ठेवून पुन्हा बघितलं. मला मात्र सगळं कळलं होतं. चिमटी घरी जाऊन दादा-दादा खेळत होती! मुलं खेळतात तशी, आज ड्रायव्हर, उद्या डॉक्टर, तशी ती रोज दादा व्हायची आणि माझी भीती माझ्याच शब्दांत बोलून दाखवायची. आई उतरवून घेत होती. इथं सांगायचं नाही म्हटलं होतं, इथं तिनं नाहीच सांगितलं. शब्दाची पक्की.

मी पळालो. खोटं कशाला सांगू? मुलांच्या बाथरूममध्ये जाऊन गुडघ्याएवढ्या बेसिनशी उभा राहिलो. गप्प बसलो असतो तर काय होणार होतं? नोकरी राहणार होती, ताई राहणार होत्या, तुम्हाला काही कळणार नव्हतं. फक्त एका माणसाचं घर जाणार होतं, तेही माझ्या बापाच्या चपलांपायी. तेवढ्यात मागं बघितलं तर दारात चिमटी. चिमटा हातात. माझ्याकडे बघत ती त्या इमारतीतला तिचा पहिला शब्द बोलली. शब्द नाही, अख्खं वाक्य.

"आता सांगायचं का?"

आत्या, मी ज्यांच्यापासून पळालो त्या सगळ्या मोठ्या माणसांपैकी एकानं तरी मला असं विचारलं असतं तर! मी तिला म्हटलं, थांब, माझं मी सांगतो. आणि आत गेलो. मीही एका वीतभर खुर्चीवर बसलो. म्हणालो, ही सगळी वाक्यं माझी आहेत. जिना आमचा आहे. बाबा माझे आहेत. शाळा म्हणजे कॉलेज. आणि ते मारतील हेही खोटं आहे, त्यांनी मला आयुष्यात एकदाही मारलेलं नाही. ते नुसते वर येतात आणि काही बोलत नाहीत. मला त्याचीच भीती वाटते. मासासुद्धा नवा आहे, तेही घ्या लिहून.

'सगळी वाक्यं माझी' म्हणून झाल्यावर मला आठवलं की सगळ्यांत अजून एक वाक्य आहे. ताईंना बहुतेक तेव्हाच आठवलं. त्यांनी वहीवर वाकून बघितलं, पान उलटलं, एका ओळीशी थांबल्या. तिथं त्यांनी आधीच शेजारी लिहून ठेवलेलं होतं, 'मोठ्यांशी छान जवळीक.' त्यांनी वही मिटली.

चिमटीची आई उठली, नवऱ्याच्या शेजारची खुर्ची ओढून तिच्यावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. लाँड्रीवाला मला मारणार असं मला वाटलं. मी मारलं असतं. त्यानं चष्मा पुसला. मग म्हणाला, "दादा, तो शर्ट देऊन जा उद्या. फार चुरगळलाय." शिव्या दिल्या असत्या तर मी रडलो नसतो.

मोठ्या बाईंनी मला काढलं नाही, त्याहून वाईट केलं. म्हणाल्या, ज्याला स्वतःच्या बापाशी बोलता येत नाही त्याला मी मुलांत बसवणार नाही. आधी घरी सांगून ये, मग ये. सोबत ताईंनी एक वही दिली. निळं कव्हर. आत माझं पान, तीन रकान्यांचं. विचार : उशिरा करतो. मिसळणं : मुलांत उत्तम, मोठ्यांत नाही. भावना : राग ओळखतो, भीती ओळखत नाही, दोन्ही एकच आहेत हे अजून कळलेलं नाही. वय : एकवीस. वाढीला वाव आहे. (ही शेवटची ओळ मी एकशे दहा वेळा वाचली आहे. तुझं काय मत?)

तब्येतीला जप. डोळा चोळू नकोस.

तुझा,
लाडका होतो तो भाचा

ता. क. : मासा बदलला हे मी निघण्याआधी मुलांना आम्ही सांगितलं. एकोणीस जणांना आधीच माहीत होतं. चिमटी आता थांबता थांबत नाही. मी निघताना मोठ्या बाईंना तिनं सांगितलं की दादा शिट्टी माशासाठी वाजवत नाही.

ता. क. २ : वहीतल्या पानाच्या तळाशी 'पालकांची सही' असा रकाना आहे. रिकामा आहे. पान या पाकिटातच आहे.

ता. क. ३ : शेजारची वेणीवाली मुलगी सुट्टीला मामाकडे गेली आहे हे मला माहीत आहे. तुझी पत्रं हल्ली कोण वाचून दाखवतं तेही माहीत आहे. म्हणूनच तुला लिहिलं. समोर बसून बोलायला गेलो असतो तर पहिल्या ओळीलाच पळालो असतो.

बाबा, तुम्ही खाकरला नसाल तर आभारी आहे. शुद्धलेखनाच्या चुका असतील, त्या नंतर लाल करा. पाकिटावर तिकीट नाही हे तुमच्या नजरेतून सुटलेलं नसणारच. दाराखालून मीच सरकवलंय. मी खाली पहिल्या पायरीवर बसलोय. आत्याला पाणी द्या, आणि खाली या. चपला घालून या, वाजवत या. मी तेरापर्यंत मोजीन, पण पळणार नाही.